भाऊरावची साल खरी निघाली

भाऊराव मधाळेनं कोथिंबिरीची जुडी कधी वरवर बघून घेतली नाही. आधी ती सोडायची, मधल्या काड्या पसरायच्या, आत कुजका पाला दडवलाय का ते बघायचं आणि मग भाव विचारायचा. असल्फ्याच्या डोंगराखाली बसणाऱ्या भाजीवाल्या तो लांबून दिसला की एकमेकींना सांगायच्या, "आली बाई तपासणी." त्याला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या शिराळ्याकडं म्हशीचं दूध किती ते विकणाऱ्याला विचारत नाहीत, स्वतः बसून पिळून बघतात. भाऊराव तिकडचाच, वारणेच्या खोऱ्यातला.

पण गावानं नुसतं बी दिलं. त्याचं झाड केलं मुलुंडच्या जकात नाक्यानं. जकात होती तोवर मुंबईत शिरणारा मालाचा ट्रक तिथं थांबायचा. ड्रायव्हर कागद दाखवायचा. भाऊरावचं काम ट्रकावर चढायचं आणि पोत्यात सळई खुपसायची. टोकदार, मधून पोकळ अशी लोखंडी सळई. बाहेर ओढली की तिच्या पोकळीत पोत्याच्या पोटातला माल यायचा. कागदावर हरभरा आणि सळईत हरभरा, तर सोड गाडी. कागदावर हरभरा आणि सळईत काजू, तर घे बाजूला. माणसानं उभी हयात हेच केलं. मग जकात उठली, नाका ओस पडला, भाऊराव पेन्शनीत निघाला. सळई तिथंच राहिली, पण हात तिची सवय घेऊन घरी आला. दूधवाला, गॅसवाला, मतं मागायला येणारा, देवाच्या नावानं येणारा, डासांचा धूर मारायला येणारा, सगळ्यांच्या पोटात भाऊराव नजरेनं सळई घालायचा. निम्म्या वेळा त्याचा संशय खरा निघायचा, म्हणून तर तो जाईना.

घर डोंगराच्या मध्यावर. खाली बाजार, वर बुद्धविहार, मधे पायऱ्याच पायऱ्या. घरात बायको राधा आणि लेक संघमित्रा. संघमित्रा पवईला आरोग्यविम्याच्या एका कचेरीत होती. इस्पितळांची बिलं तपासायचं काम. बापानं पोती तपासली, लेक फायली तपासायची. रात्रीच्या जेवणाला दाखले निघायचे.

"आबा, आज एक फाईल आली. माणूस ताप आला म्हणून दाखल झालाय आणि बिल लावलंय हृदयाच्या तपासण्यांचं. सगळी वाट लागलीय यार."

"मग? हाणलंस का न्हाई?"

"परत पाठवली. एकाला तर हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकायची गरजच नव्हती, तरी टाकून मोकळे."

भाऊराव घास हातात धरून ऐकायचा. एकेक दाखला त्याच्या डोक्यात शेणीसारखा थापला जायचा आणि वाळायचा. पुढं ह्याच शेणी त्याच्या बुडाखाली पेटायच्या होत्या.

त्याचं झालं असं. उन्हाळ्यात एकदा तो खालनं पिशवी घेऊन चढत होता आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत झालं. डावा जबडा धरला. पायरीवर टेकला तसा पाटा उतरला. दुसऱ्या दिवशी परत तेच. घरी त्यानं सांगितलं, "गॅस झालाय." ट्रकवाले कागदावर कांदा लिहायचे तसा त्यानं गॅस लिहिला, आणि ज्या माणसानं दुनियेचा कागद कधी खरा मानला नाही, त्यानं स्वतःच्या कागदावर मात्र शिक्का मारून टाकला.

डोंगरावर गॅस म्हटलं की औषधांना तोटा नाही. शेजारणीनं ओवा आणि काळं मीठ आणून दिलं. भाऊरावनं ओवा तळहातावर घेऊन फुंकला, खडे निवडले, एकेक करत चावला. ढेकर आली. झकास ढेकर आली. पाटा मात्र जागचा हलला नाही. ह्यावरनंच त्यानं ओळखायला हवं होतं. मग कुणी दुधात लसूण सांगितली, कुणी बेंबीला हिंग, कुणी ज्येष्ठमध तोंडात धरायला. त्यानं सगळं केलं, आणि सांगणाऱ्याचं ह्यात काय चाललंय, हेही प्रत्येक वेळी मनात मोजून बघितलं.

शेवटी राधानं त्याला पायथ्याच्या सुबोध डॉक्टरकडं नेलं. जवळजवळ ओढत. डॉक्टरनं छातीला वायरी लावून पट्टी काढली. पट्टी साफ आली.

"मग मिटलं की," शर्टाची बटणं लावत भाऊराव म्हणाला. "पट्टी साफ, माल साफ."

"काका, ही पट्टी तुम्ही आडवे असताना काढलीय. तुम्हाला दुखतं चढताना. उभी गाडी तापली नाही म्हणून घाटात तापणार नाही, असं असतं का? चढलं की दुखतं, थांबलं की जातं, वर जबड्यात कळ. मला हा गॅस वाटत नाही. फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासायला लागेल. कदाचित पुढं अँजिओग्राफी."

"कुठं करायची?"

डॉक्टरनं एका इस्पितळाचं नाव सांगितलं आणि तिथंच गाडं रुतलं. विचारलं भाऊरावनंच होतं, पण घरी येईस्तोवर ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की डॉक्टरच्या तोंडात नाव तयार होतं.

"बगितलंस? नाव व्हटावर हुतं त्याच्या. तिकडनं पाकीट येत असंल."

"अवो, तुमी इचारलंसा म्हनून सांगितलं त्येनं."

"इचारलं तरी इतक्या बिगीनं?"

डॉक्टरनं रोजच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि छातीत भरून आलं की जिभेखाली धरायची एक निराळी. भाऊरावनं गोळी उजेडाला धरून बघितली, नखानं खरवडली. "पोत्यात सळई जाती. हिच्यात काय घालायचं?" असं म्हणून सगळी पाकिटं कपाटावरच्या डब्यात टाकली. जिभेखालची तेवढी राधानं गुपचूप काढून आपल्या बटव्यात ठेवली. डॉक्टरनं ते तिला वेगळं बजावलं होतं.

अशात विहारात गावाकडचा एक जण भेटला. बोलता बोलता म्हणाला, छातीला अर्जुनाची साल दुधात उकळून घेत्यात. भाऊरावच्या कानात काहीतरी हललं. त्यांच्या ओढ्याकाठी अर्जुनसादडा होता. आज्जा त्याची साल काढून आणायचा. ह्या औषधाला ना इस्पितळ होतं, ना पाकीट. तरी भाऊराव तो भाऊराव. घाटकोपर स्टेशनजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

दुकानदार हसमुखभाई पुडी बांधायला लागला. "पावडर देऊ ना, भाऊ? एकदम चोख्खी."

"पूड नको. पुडीत भुसा घाला न्हाईतर लाकडाचा कीस, कुणाच्या बाला कळतंय? साल दाव. अख्खी."

हसमुखभाईनं पोतं ओढलं. भाऊरावनं कोपरापर्यंत हात घातला आणि थेट बुडातला तुकडा वर काढला. काळपट, भेगाळ, मगरीच्या पाठीसारखा. तो हसला. नाक्यावर काजू सापडले की हसायचा तसा.

"ह्यो ऐन हाय."

"अरे भाऊ, सेम फॅमिली छे."

"फ्यामिली असंल. माझा चुलताबी माझ्या फ्यामिलीत हाय, म्हनून त्येला माझी पेन्शन मिळती का? आमच्या घराचं आढं ऐनाचं हुतं. मला शिकवतोस व्हय? अर्जुनाची साल गुळगुळीत असती. भाइर राखेगत आनि आत लालसर."

हसमुखभाईनं कपाळाला हात लावला आणि आतलं दुसरं पोतं काढलं. त्यातही भाऊरावनं वर, मध्ये, बुडाला, तिन्ही जागी हात घातला. वास घेतला. तुकडा चावला. तुरट. आत लालसर. पोत्याच्या तळापर्यंत अर्जुनच होता.

तो घरी आला तो लग्न ठरवून आल्यासारखा. "माल खरा हाय, राधे. सोळा आणे खरा."

आणि इथंच चुकलं. नाक्यावर माल खरा निघाला की गाडी सोडायची. त्या मालानं पुढं कुणाचं काय भलं होतं, कुणाचं पोट भरतं का, हे बघायचं भाऊरावचं काम कधी नव्हतंच. साल खरी निघाली, त्यानं गाडी सोडली. दुसरा कुणी असता तर निदान बिचकला असता. पण बारा वाटांनी संशय घेणाऱ्या माणसाचा संशय एकदा फिटला, की तो दगडासारखा निश्चिंत होतो.

रोज सकाळी दुधात पाणी आणि साल घालून पाणी आटेपर्यंत उकळायचं, गाळायचं, उभ्या उभ्या प्यायचं. पावसाळा लागेपर्यंत छातीतलं दुखणं गेलं. भाऊराव ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "कशाची अँजिओग्राफी? साल घ्या साल. पर घ्यायची माझ्या डोळ्यांखालनं."

संघमित्रानं फोनवर शोधून बघितलं. "आबा, ह्यावर खरंच अभ्यास झालेत."

"सांग तुझ्या आयेला."

"ऐका ना पुढचं. छोटे छोटे अभ्यास आहेत. पेशंट नेहमीच्या गोळ्या घेत होते, त्यांना वरून साल दिली. काहींचं छातीत दुखणं कमी झालं. पण गोळ्या बंद करून—"

"अभ्यास झाल्यात म्हनली ना? झालं तर."

वाक्याचं पुढचं पोतं त्यानं उघडलंच नाही. आणि खरं सांगायचं तर पोरीनंही फार रेटलं नाही. बाप ठणठणीत दिसत होता. ऑफिसात दिवसभर खोटं निवडणाऱ्या माणसाला घरात एखादी गोष्ट खरी असावी असं वाटतंच.

राहिली राधा. राधा शाळा फार शिकली नाही, पण त्या माणसाशेजारी तिनं जन्म काढला होता आणि संशय हा खरजेसारखा असतो, एका अंथरुणात दोघांना होतो. तिला दुखणं गेल्याचा आनंद झाला आणि त्या आनंदाच्या बुडाला काहीतरी टोचत राहिलं.

आधी दूध हा आणायचा. आता म्हणायचा, "तू जातीसच खाली, तर आन." दाढी करायला खाली जायचा, आता घरीच आरसा लावून बसायचा. कोथिंबीर, जी त्यानं कुणाच्या हाती कधी सोपवली नाही, ती राधा आणायची आणि तो जुडी न सोडताच म्हणायचा, "बरी हाय." हे ऐकून तर ती चरकलीच.

त्यात वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने वरच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. भाऊराव दरसाल पहिल्या रांगेत. वाचणारा शब्द चुकला की खाकरायचा. ह्या साली वर्षावास लागल्यापासून त्यानं विहाराची पायरी चढली नव्हती.

"का जात न्हाईसा?"

"वाचनारं पोरगं चुकतंय. मस्तक फिरतंय माझं."

"मग तर जायाच पायजे. चुका कोन काडनार?"

भाऊरावनं टीव्हीचा आवाज वाढवला.

राधा भांडी घासता घासता विचार करत राहिली. दुखणं खरंच गेलं असतं तर माणूस चढायला लागला असता. हा तर बसायला लागला. चढत नाही म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून साल लागू पडली म्हणतोय. सालीला बिचारीला ह्यातलं काही ठाऊकच नाही.

तिनं तोंडानं काही विचारलं नाही. त्याच्या तोंडचा कागद तिला नकोच होता. तिला सळई घालायची होती.

पौर्णिमेला विहारात खीरदान होतं. संध्याकाळी तिनं पांढरी साडी नेसली, खिरीचं पातेलं संघमित्राच्या हाती देऊन तिला पुढं धाडली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. गुन आलाय न्हवं? आज बायका इचारनार हायत सालीचं. तुमीच सांगा वर येऊन."

आता नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. भाऊराव सदरा घालून निघाला. वाचायचा चष्मा टीव्हीवर नव्हता. हुडकायला लागला तर ती म्हणाली, "आपन काय वाचाय निगालोय? चला."

पहिला टप्पा तो बोलत चढला. दुसऱ्यात बोलणं थांबलं. तिसऱ्याला तो भिंतीकडं वळला आणि उभा राहिला. भिंतीवर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं भलंमोठं पोस्टर होतं. भाऊराव हात मागं बांधून ते वाचत राहिला.

राधा दोन पायऱ्या खाली थांबली. "काय वाचताय?"

"वाढदिवस हाय."

"कुनाचा?"

भाऊरावनं पोस्टराकडं मान आणखी पुढं काढली.

"किती तारखेला हाय वाढदिवस?"

"उगं बडबडू नगंस. वाचाय दे."

राधानं बटव्यातनं त्याचा चष्मा काढला आणि पुढं केला. "घ्या. ह्यो घालून वाचा."

तो घ्यायला त्याचा हात पुढं येईना. मागं बांधलेला हात सुटून छातीवर आला होता आणि तिथंच मुठीत वळला होता. सदरा पाठीला चिकटला होता. पावसानं नव्हे, पाऊस तेव्हा नव्हताच.

"बसा खाली."

"गॅस—"

"बसा म्हनते न्हवं! तुमच्या गॅसच्या आयला!"

आख्ख्या संसारात ती त्याला असं बोलली नव्हती. तो बसला. तिनं बटव्यातनं दुसरी वस्तू काढली, ती गोळी, आणि त्याच्या जिभेखाली सरकवली. मग विहाराच्या दिशेनं अशी हाक मारली की वर त्रिशरण म्हणणारे मधेच थांबले.

डोंगरावर स्ट्रेचर येत नाही. विहारातली प्लास्टिकची खुर्ची आली. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. अर्ध्या वाटेत पाटा जरा सैल झाला तसा भाऊरावला कंठ फुटला. "पाय जरा तपासा खुर्चीचं. ह्या खुर्च्या मोडत्यात."

"गप बसा, आबा," संघमित्रा रडत म्हणाली. तिच्या एका हातात अजून खिरीचं पातेलं होतं.

पालिकेच्या मोठ्या इस्पितळात नेलं. सुबोध डॉक्टरनं सांगितलेलं ते नाही, हे भाऊरावनं तशा अवस्थेतही बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई सहीचा कागद घेऊन आल्या. हृदयाची नळी तुंबलेली असणार, म्हणाल्या.

"असनार म्हंजी? लिवलंय काय ते नको मला. आत काय हाय ते दावा."

बाई चिडल्या नाहीत. "तेच तर करायचंय. तुम्ही जागेच असाल. पडद्यावर बघा."

आणि त्यानं बघितलं. मनगटातनं बारीक नळी आत गेली, तिच्यातनं रंग सुटला आणि पडद्यावर त्याच्याच हृदयाच्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या उमटल्या. एक फांदी मधेच गळा आवळल्यासारखी. पलीकडं रंग नुसता थेंबथेंब. भाऊराव टक लावून बघत राहिला. कागदावर गॅस होता आणि सळईत हे आलं होतं.

"घ्या बाजूला," तो म्हणाला. बाईंना कळलं नाही, पण त्यांनी स्प्रिंग टाकली.

वॉर्डात आल्यावर त्यानं लेकीला सगळे कागद दोनदा तपासायला लावले. तिनं ते तपासले. मग म्हणाली, "आबा, ही फाईल माझ्या टेबलावर आली असती ना, तर मी डोळे झाकून पास केली असती."

"डोळं झाकून कशाला?" भाऊराव म्हणाला. "उघडून कर."

राधा पायाशी बसून मोसंबी सोलत होती. तो तिला म्हणाला, "पर साल खरी हुती गं."

"साल खरी हुती," ती म्हणाली. "तुमी खोटं हुता."

घरी आल्यावर तो सुबोध डॉक्टरकडं गेला. माफी मागायला नव्हे, असलं काही त्याला जमत नाही. सालीचा तुकडा टेबलावर ठेवला. "ह्येचं काय करू?"

डॉक्टरनं तुकडा हातात घेऊन बघितला. "काका, हे झाड वाईट नाही. गोळ्यांच्या जोडीनं दिलं तर काहींना थोडा आराम पडला, असं दिसलंय. पण अभ्यास लहान, आणि सगळे एका सुरात बोलत नाहीत. तुंबलेली नळी सालीनं उघडली, असं कुणी दाखवलेलं नाही. आता तुम्हाला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत. वरून साल, लसणीचे डोस, ज्येष्ठमध, काहीही घ्यायचं तर आधी मला सांगायचं. ज्येष्ठमधानं तर रक्तदाब चढतो."

"आनि ओवा?"

"ढेकर येईल."

"त्ये आलंच हुतं," भाऊराव म्हणाला.

राहिलेली साल राधानं माळ्यावर टाकली. ओट्यावरचं औषध सांगणं बंद झालं. कुणी विचारलंच तर भाऊराव त्याला आधी डोंगर चढायला लावतो आणि स्वतः खाली उभा राहून बघतो, गडी कुठं थांबतोय ते.

डॉक्टरनं चढायला मोकळीक दिली त्या संध्याकाळी वर्षावासाचं वाचन संपत आलं होतं. राधा दोन पायऱ्या मागं ठेवून चालली. भाऊराव तिसऱ्या टप्प्याला आला, भिंतीपाशी थांबला. राधाचा हात बटव्याकडं गेला.

त्यानं खिशातनं चष्मा काढला, नाकावर चढवला आणि पावसानं निम्मं फाटलेलं ते पोस्टर वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचलं. पुढाऱ्याचं नाव, तारीख, खाली शुभेच्छुकांची भली मोठी रांग, एकही नाव न गाळता. श्वास कुठं तुटला नाही. राधा प्रत्येक नावाला त्याच्या छातीकडं बघत होती.

वाचून झाल्यावर त्यानं चष्मा पुसला.

"खोटा हाय," तो म्हणाला.

"काय?"

"वाढदिवस. गेल्या साली ह्येनंच दिवाळीत केला हुता."

आणि वळून तो वरच्या पायऱ्या चढायला लागला. वर वाचणारा पोरगा शब्द चुकला होता आणि भाऊरावनं वाटेतनंच खाकरायला सुरुवात केली होती.